बेळगावच्या कोडला स्पेलचेकर लावताना

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या एखाद्या फाउंड्रीचं बिलिंग सॉफ्टवेअर उघडून बघा. टेबलांची नावं इंग्रजी. कॉलम अर्धे इंग्रजी, अर्धे मराठी. कॉमेंट रोमन अक्षरांतल्या मराठीत. मधेच एखादं फंक्शन कन्नड नावाचं, कारण ते लिहिणारा गोकाकचा. निपाणी, चिकोडी, खानापूर, अथणी, कुठल्याही गावातल्या छोट्या ऑफिसात कोडचं हे रूप ओळखीचं वाटेल. तीन भाषा रोज तोंडात असलेली माणसं एकत्र बसून काम करतात तेव्हा कोडही तसाच होतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. अडचण एवढीच की अशा कोडमध्ये स्पेलिंगच्या चुका फार सहज लपतात. त्या शोधायला नेहमीची टूल जशीच्या तशी लावली, तर ती आपल्याच शब्दांना चूक ठरवत सुटतात. मग कुणीतरी वैतागून ती बंद करून टाकतं आणि चुका होत्या तिथंच राहतात.

ही तपासणी आपल्या मिश्र भाषेच्या कोडला कशी बसवायची, ते इथं सविस्तर लिहितो. आज्ञा आणि फाइलींची नावं वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

चुकीच्या स्पेलिंगनं बिघडतं काय

ओळखीच्या एका ऑफिसातली गोष्ट. कास्टिंगच्या वजनाचा कॉलम तयार करताना कुणीतरी ‘वेट’ या शब्दात ई-आयच्या जागी आय-ई लिहिलं होतं. इंग्रजीत ही अदलाबदल नेहमीची. सॉफ्टवेअर व्यवस्थित चालत होतं, कारण पुढं सगळ्यांनी तेच चुकीचं नाव कॉपी केलं. मग खानापूरकडचा एक नवा मुलगा कामावर आला. डिस्पॅचचा रिपोर्ट करायला बसला आणि थोड्या वेळानं शेजारच्या सीनियरला म्हणाला,

“दादा, वजनाचा कॉलमच नाही की ओ यात.”

“आहे की. नीट बघ.”

“वेट म्हणून सर्च केलो, एक पण रिझल्ट नाही.”

दादा फोनवर होते, विषय तिथंच राहिला. मुलानं बरोबर स्पेलिंगचा नवा कॉलम करून टाकला. त्यानंतर काही दिवस जुन्या स्क्रीनवरून भरलेली वजनं एका कॉलममध्ये आणि नव्या स्क्रीनवरची दुसऱ्यात जात राहिली. महिन्याच्या बेरजेत टनांचा फरक आला तेव्हा कुठं शोधाशोध सुरू झाली. मुलानं काही चुकीचं केलं नव्हतं. त्यानं जो शब्द शोधला तोच बरोबर होता.

कोडमधलं स्पेलिंग जपायचं ते मुख्यतः यासाठी. प्रोग्रामर दिवसभर कोड लिहितो त्याहून जास्त वेळ तो शोधत असतो, आणि शोध अक्षरांवर चालतो. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की ती वस्तू शोधणाऱ्यापुरती नाहीशीच होते.

‘मग कंपायलर ओरडत नाही का?’ असं शिकाऊ मुलं विचारतात. कंपायलरला, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करणाऱ्या प्रोग्रामला, नावाचा अर्थ कळत नसतो. नाव सगळीकडे सारखं आहे की नाही, एवढंच तो बघतो. सगळीकडे सारखंच चुकलं असेल तर त्याच्या दृष्टीनं काहीच चुकलेलं नसतं. पायथनमध्ये तर एखाद्या ऑब्जेक्टच्या फील्डला किंमत देताना नाव चुकलं, तर भाषा मुकाट्यानं नवं फील्ड तयार करते. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्टवर नसलेलं नाव मागितलं की ‘अनडिफाइन्ड’ मिळतं आणि प्रोग्राम पुढं चालू राहतो. जेसन स्वरूपातल्या डेटाच्या कीज (नावं), कॉन्फिग फाइलीतली नावं, डेटाबेसला पाठवलेल्या मजकुरातले शब्द, यांच्यापर्यंत तर कंपायलर पोचतच नाही.

चूक एकदा ऑफिसाबाहेर गेली की ती सुधारण्याची वेळ निघून जाते. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण वेबमध्येच आहे. आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलो की ब्राउझर सर्व्हरला ‘रेफरर’ नावाच्या हेडरमधून आधीचा पत्ता कळवतो. इंग्रजीत या शब्दाच्या मधे दोन आर लागतात. फिलिप हॅलम-बेकर यांनी हे हेडर सुचवलं तेव्हा त्यातला एक आर गळला, आणि १९९६ साली एचटीटीपी १.० या आवृत्तीचा (ब्राउझर आणि सर्व्हरनं एकमेकांशी बोलायच्या नियमांचा) आरएफसी १९४५ हा दस्तऐवज निघाला तोही तसाच. तोवर सर्व्हर आणि ब्राउझर तेच स्पेलिंग वापरायला लागले होते. आजही प्रत्येक ब्राउझर तोच चुकीचा शब्द पाठवतो. पुढं त्याच विषयावर ‘रेफरर-पॉलिसी’ हे नवं हेडर आलं, त्यात दोन्ही आर आहेत. म्हणजे वेबवर काम करणाऱ्याला एकाच शब्दाची दोन स्पेलिंगं कायमची लक्षात ठेवावी लागतात.

टूल कोड वाचतं कसं

वर्डमधला स्पेलचेकर कोडवर सोडला तर सगळं पान लाल होतं. कारण कोडमध्ये शब्द एकमेकांना चिकटून येतात. कधी मधे अंडरस्कोर असतो, कधी पुढचा शब्द कॅपिटल अक्षरानं सुरू होतो, कधी शेवटी आकडा लागतो. शिवाय हॅश (आकडे-अक्षरांच्या अर्थहीन लांब ओळी), कलरचे कोड, संक्षेप असतात. म्हणून कोडसाठी केलेलं टूल आधी अंडरस्कोर आणि कॅपिटल अक्षरं बघून नावाचे तुकडे करतं आणि मग प्रत्येक तुकडा तपासतं. निदान तसं त्यानं करायला हवं. सगळी टूल करत नाहीत, आणि तो फरक महत्त्वाचा आहे. त्याकडे येतोच.

तपासायच्या पद्धती दोन. एकीत टूलकडे बरोबर शब्दांचा कोश असतो, आणि कोशात नसलेला प्रत्येक शब्द संशयित ठरतो. दुसरीत टूलकडे फक्त नेहमी होणाऱ्या चुकांची यादी असते: हा चुकीचा शब्द, हा त्याचा बरोबर. यादीत नसलेल्या शब्दाला ते हात लावत नाही. मंगल कार्यालयाच्या दारात दोन माणसं उभी केली आहेत असं समजा. एकाच्या हातात निमंत्रितांची यादी आहे, दुसऱ्याला फक्त गावातले खिसेकापू तोंडओळखीनं माहीत आहेत. पहिला कडक खरा, पण ऐन वेळी आलेल्या चुलत्यालाही अडवणार. दुसरा चुलत्याला जाऊ देईल, पण परगावचा खिसेकापूही त्याच्यासमोरून आत जाईल.

आपल्या कोडमध्ये असे ‘चुलते’ भरपूर. वजन, पावती, गाडी, ऊस, गूळ, तालुका, हुक्केरी, संकेश्वर, शिवाय लोकांची आडनावं. इंग्रजी कोश यातलं काहीच ओळखत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की सीमाभागातल्या मिश्र कोडवर सुरुवात चुकांच्या यादीवर चालणाऱ्या टूलनं करावी. कोशावरचं टूल नंतर, आणि तेही संपादकातल्या, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्राममधल्या, सूचनेपुरतं.

ही यादीची पद्धत वरवर ढोबळ वाटते, पण तिच्यामागं अनुभव आहे. माणसाच्या हातून होणाऱ्या चुका फार विचित्र नसतात. फ्रेडरिक डॅमेरो यांनी १९६४ साली दाखवून दिलं, की स्पेलिंगच्या ८० टक्क्यांहून जास्त चुका एकाच प्रकारच्या फरकानं होतात: एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेलं, किंवा शेजारची दोन अदलाबदल झालेली. ‘सेपरेट’मध्ये एच्या जागी ई, ‘लेंग्थ’च्या शेवटी टी-एचऐवजी एच-टी, ‘ॲड्रेस’मध्ये एकच डी. बेळगावात चुका या, बंगळुरात या आणि बर्लिनमध्येही याच. लिनक्स कर्नलच्या कोडमध्येच ‘स्पेलिंग डॉट टीएक्सटी’ नावाची फाइल आहे. प्रत्येक ओळीत चुकीचा शब्द, मधे दोन उभ्या रेघा आणि पुढं बरोबर शब्द. पॅच (कोडमधला बदल) पाठवण्याआधी ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट त्या यादीशी शब्द ताडून बघते. इतक्या मोठ्या प्रकल्पाचं काम अशा साध्या फाइलीवर चालतं.

तीन टूल

कोडस्पेल हे पायथनमध्ये लिहिलेलं. ‘पिप इन्स्टॉल कोडस्पेल’ म्हटलं की झालं. त्याची मूळ यादी विकिपीडियावरच्या नेहमीच्या चुकांच्या याद्यांवरून आली आणि पुढं वाढत गेली. फोल्डरमध्ये जाऊन नुसतं ‘कोडस्पेल’ टाइप केलं की फाइल, ओळीचा क्रमांक, चुकीचा शब्द, बाण आणि बरोबर शब्द अशी यादी येते. साधं आणि भरवशाचं.

पण एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. कोडस्पेल अंडरस्कोरला अक्षरच समजतं. त्यामुळं ‘कास्टिंग’, अंडरस्कोर, ‘वेट’ असं नाव असेल तर ते सगळं मिळून त्याच्या लेखी एकच शब्द, आणि असा शब्द चुकांच्या यादीत कुठून असणार? वरच्या गोष्टीतला कॉलम कोडस्पेलनं पकडला नसता. कॉमेंटमध्ये तोच चुकीचा ‘वेट’ सुटा लिहिला असता, तर लगेच पकडला असता. म्हणजे कोडस्पेल कॉमेंट, माहितीपत्रकं, संदेश यांच्यासाठी उत्तम, पण नावांच्या पोटातल्या चुकांसाठी डीफॉल्ट अवस्थेत अपुरं. शब्द तोडण्याचा नियम बदलण्याची सोय त्यात आहे, पण मी तरी त्या वाटेला जात नाही.

कारण ते काम ‘टायपोज’ चांगलं करतं. हे रस्ट भाषेतलं, वेगवान, तयार बायनरी उतरवून विंडोजवरही चालणारं. तेही चुकांच्या यादीवरच चालतं, पण आधी नावाचे तुकडे करतं. हॅशसारखे अर्थहीन तुकडे ओळखून सोडून देतं. फक्त एकच टूल लावायला वेळ असेल तर मी टायपोज लावायला सांगेन.

तिसरं सीस्पेल. हे नोडवर चालतं आणि कोशाच्या पद्धतीचं आहे. व्हीएस कोडमधलं ‘कोड स्पेल चेकर’ नावाचं एक्स्टेन्शन हेच. लिहिता लिहिता शब्दाखाली नागमोडी रेघ येते, हा त्याचा मोठा फायदा: चूक बोटांतून निघाल्या क्षणी दिसते. चार अक्षरांहून लहान शब्द ते डीफॉल्टनं सोडून देतं. म्हणून रोमनमधलं ‘आहे’ आणि ‘आणि’ सुटतात, तीन-तीन अक्षरांचे आहेत. पण ‘नाही’ आणि ‘वजन’ अडकतात.

पहिल्यांदा चालवताना

जुन्या रेपोवर, म्हणजे गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातल्या फोल्डरवर, टूल पहिल्यांदा चालवलं की शेकडो ओळी येऊ शकतात. इथं घाई करू नये. दुरुस्ती आपोआप फाइलीत लिहायचा पर्याय कोडस्पेलमध्ये ‘डॅश डब्ल्यू’ असा आहे आणि टायपोजमध्ये ‘राइट-चेंजेस’. तो पहिल्याच फेरीत वापरू नका. आधी नुसती यादी घ्या, ती फाइलीत साठवा आणि निवांत वाचा.

वाचताना कॉमेंट आणि माहितीपत्रकांतल्या चुका वेगळ्या काढा. त्या सुधारून काही मोडत नाही. दुसऱ्या ढिगात फक्त आपल्या कोडमध्ये वापरलेली नावं, म्हणजे फंक्शन, व्हेरिएबल वगैरे. ती संपादकाच्या ‘रिनेम’ सोयीनं बदला आणि टेस्ट चालवा. उरलेला ढीग धोक्याचा: डेटाबेसचे कॉलम, एपीआयमधल्या (दुसऱ्या प्रोग्रामशी बोलायच्या वाटेवरच्या) कीज, एक्सेल एक्स्पोर्टचे मथळे, दुसऱ्या कंपनीच्या सिस्टीमनं ठरवलेले शब्द. यातलं एकही आपोआप बदलू देऊ नये. ग्राहकाच्या अकाउंटंटनं त्या चुकीच्या मथळ्यावरच स्वतःची एक्सेल शीट बांधलेली असू शकते. तिथं दोनच मार्ग. एक तर चुकीचं नाव अपवादाच्या यादीत घालून जवळ कॉमेंट लिहायची, की हे जाणूनबुजून ठेवलं आहे. नाहीतर नवं नाव आणून काही काळ दोन्ही चालू ठेवायची, सगळे वापरणारे हलले की जुनं काढायचं.

काही शब्दांना एकाहून जास्त दुरुस्त्या संभवतात. तिथं कोडस्पेल स्वतःहून काही बदलत नाही, नुसते पर्याय दाखवतं. ‘डॅश आय’ आणि तीन हा आकडा दिला तर एकेक विचारत जातं.

दुरुस्त्यांचा कमिट (गिटमधली बदलाची नोंद) स्वतंत्र ठेवा, त्यात दुसरं काही मिसळू नका. शेकडो ओळींवर आपलं नाव लागल्यामुळं पुढं ‘गिट ब्लेम’, म्हणजे कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी आज्ञा, बघणाऱ्याला खरा लेखक सापडत नाही. त्यासाठी गिट २.२३ पासून सोय आहे: अशा कमिटचे क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवायचे आणि ‘ब्लेम डॉट इग्नोर-रेव्ह्ज-फाइल’ या सेटिंगमध्ये त्या फाइलीचं नाव द्यायचं. ब्लेम ते कमिट वगळून मागचा माणूस दाखवतं.

काय तपासायचं नाही हेही सांगावं लागतं. लॉक फाइली, बाहेरून आणलेल्या लायब्ररी, मिनिफाय केलेलं जावास्क्रिप्ट, एसव्हीजी चित्रं, जुनी मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्ट), आणि ग्राहकाचा नमुना डेटा. कोडस्पेलसाठी प्रकल्पाच्या मुळाशी ‘डॉट कोडस्पेलआरसी’ नावाची फाइल करून त्यात ‘स्किप’समोर ही नावं स्वल्पविरामानं द्यायची. टायपोजसाठी ‘टायपोज डॉट टॉमल’ या फाइलीत ‘एक्स्टेंड-एक्सक्लूड’. लक्षात ठेवण्यासारखी बाब म्हणजे कोडस्पेल नावापुढं टिंब असलेल्या फाइली आणि फोल्डर मुळातच बघत नाही. त्याही तपासायच्या असतील तर ‘चेक-हिडन’ पर्याय द्यावा लागतो.

आणखी एक भारतीय अडचण: शाळेत आपण ब्रिटिश स्पेलिंग शिकलो, सीएसएसमध्ये मात्र ‘कलर’ अमेरिकन पद्धतीनं, यूशिवाय. टायपोज डीफॉल्टनं दोन्ही चालवून घेतं. कोडस्पेलमध्ये ब्रिटिशचं अमेरिकन करणारी यादी वेगळी आहे आणि मागितल्याशिवाय चालू होत नाही. माझ्या मते ती तशीच बंद राहू द्यावी.

आपले शब्द

आता सगळ्यात मोलाचा भाग. कोडस्पेलच्या यादीत टी आणि ई असा दोन अक्षरांचा शब्द चूक म्हणून नोंदलेला आहे, कारण इंग्रजीत ती ‘द’ लिहितानाची घसरण असते. आपण रोमनमध्ये ‘ते’ लिहितो तेव्हा नेमकी हीच दोन अक्षरं येतात. मराठी कॉमेंटच्या प्रत्येक तिसऱ्या ओळीला टूल अडणार. उपाय सोपा: वगळायच्या शब्दांची एक साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक शब्द, आणि कॉन्फिगमध्ये ‘इग्नोर-वर्ड्स’समोर तिचं नाव. शब्द लहान लिपीत लिहा, कारण कोडस्पेल त्याच्या यादीत शब्द जसा आहे तसाच इथं शोधतं.

पण नुसतं वगळून भागत नाही. आपल्या शब्दांचं रोमन स्पेलिंग ठरलेलंच नसतं. वजन व्हीनं सुरू करायचं की डब्ल्यूनं? पावतीत ए किती? ऊस दोन ओंनी लिहायचा की एकाच यूनं? एकाच फाइलीत, कधी एकाच माणसाच्या हातून, दोन्ही रूपं आलेली असतात. इथं जगातला कुठलाही कोश मदतीला येणार नाही. बरोबर काय ते ऑफिसानं ठरवायचं. एकदा बसून पन्नासेक शब्दांची यादी करा. साखर कारखान्याच्या काट्याचं सॉफ्टवेअर असेल तर त्यातले, तंबाखूच्या वखारीचं असेल तर त्यातले. मग ती यादी टूलच्या हातात द्या. टायपोजच्या टॉमल फाइलीत ‘डिफॉल्ट डॉट एक्स्टेंड-वर्ड्स’ या मथळ्याखाली डावीकडे नको असलेलं रूप आणि उजवीकडे हवं असलेलं लिहायचं: डब्ल्यूचं वजन बरोबर व्हीचं वजन. एखादा शब्द नुसता मान्य करायचा असेल तर दोन्हीकडे तोच शब्द. यापुढं ‘पावती’, अंडरस्कोर, डब्ल्यूचं ‘वजन’ असं कुणी लिहिलं की टूल अडवेल आणि काय हवं तेही सांगेल. कोडस्पेललाही अशी आपली यादी देता येते; फक्त आपली यादी दिली की त्याची मूळ यादी बाजूला पडते, म्हणून ‘डॅश कॅपिटल डी’ दोनदा द्यायचा, एकदा आपल्या फाइलीचं नाव आणि एकदा नुसता डॅश.

ही यादी अक्षरक्रमानं ठेवा आणि रेपोमध्येच ठेवा. नवा शब्द घालायचा तर तोही पुल रिक्वेस्टमधून (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंतीतून), दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून. कन्नड शब्दांबद्दल कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्याचा शब्द शेवटचा असावा. आपण ऐकून लिहिलेलं कन्नड बरेचदा चुकतं.

गावांची नावं हा वेगळाच विषय. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं इंग्रजीतलं सरकारी नाव बदललं. त्याआधीच्या नोंदींत जुनं स्पेलिंग, नंतरच्यांत नवं. निपाणी कुठं एका पीनं, कुठं दोननं. चिकोडी कुठं एका केनं, कुठं दोननं. ही रूपं स्पेलचेकरच्या यादीत घालून आपोआप बदलायचा मोह होतो, पण तो टाळा. जुन्या खरेदीखतावरचा पत्ता, नोंदणीकृत संस्थेचं नाव, माणसानं स्वतः लिहिलेलं आडनाव हा डेटा आहे, आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही. कोडमध्ये गावाला एक न बदलणारा क्रमांक द्या. स्क्रीनवर दिसणारं नाव भाषेच्या फाइलीतून येऊ द्या: मराठीत बेळगाव, कन्नडमध्ये बेळगावी, इंग्रजीत जे सरकारमान्य असेल ते. मग नाव पुन्हा बदललं तरी एक ओळ बदलून काम होतं.

रोजच्या कामात बसवणं

आठवण राहील तेव्हा चालवू, असं म्हटलं की ते कधीच चालत नाही. त्यामुळं ‘प्री-कमिट’ हे साधन लावावं. प्रकल्पाच्या मुळाशी ‘डॉट प्री-कमिट-कॉन्फिग डॉट यामल’ फाइल, त्यात टूलचा रेपो आणि आवृत्ती, मग प्रत्येकाच्या मशीनवर एकदा ‘प्री-कमिट इन्स्टॉल’. त्यानंतर प्रत्येक कमिटला फक्त बदललेल्या फाइली तपासल्या जातात. जुना ढीग अजून उपसलेला नसला तरी नवी भर थांबते, म्हणून मोठ्या जुन्या कोडसाठी हाच रस्ता मला पटतो. एकदा उतरवून घेतल्यावर याला इंटरनेट लागत नाही; खानापूरच्या आतल्या गावातून काम करणाऱ्याला हे सोयीचं.

मात्र ‘नो-व्हेरिफाय’ देऊन हा टप्पा कुणालाही ओलांडता येतो आणि घाईच्या दिवशी लोक ओलांडतातच. त्यासाठी हीच तपासणी सर्व्हरवरही हवी, गिटहब ॲक्शन्समध्ये किंवा जे वापरत असाल त्यात. चूक सापडली की टूल शून्याऐवजी दुसरा आकडा परत करतं आणि सर्व्हर पुल रिक्वेस्ट लाल करतो. दोन्हीकडे टूलची आवृत्ती एकच बांधून ठेवा. नव्या आवृत्तीत यादी वाढलेली असते. ती आपोआप आली तर काल हिरवं असलेलं आज काहीही न बदलता लाल होतं आणि मुलांचा त्या तपासणीवरचा विश्वास उडतो. आवृत्ती सवडीनं, वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये वाढवा.

एखाद्या ओळीपुरता अपवाद हवा असेल तर त्या ओळीवर कॉमेंटमध्ये ‘कोडस्पेल’, कोलन, ‘इग्नोर’ असं लिहिता येतं. सीस्पेलमध्येही तशीच सोय आहे.

देवनागरी मजकूर

स्क्रीनवर दिसणारी मराठी या टूलच्या आवाक्याबाहेरची. त्यांच्या याद्या इंग्रजीच्या. मराठी वाक्यं कोडमध्ये विखरून न ठेवता भाषेच्या फाइलीत एकत्र ठेवली, तर ती हनस्पेलकडून तपासून घेता येतात. लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये स्पेलचेकिंग करतं ते हेच. हनस्पेल मुळात हंगेरियनसाठी तयार झालं. ती भाषा मराठीसारखीच शब्दाला प्रत्यय जोडत जाते, म्हणून त्यात मूळ शब्दांची एक फाइल आणि प्रत्यय कसे लागतात याच्या नियमांची दुसरी, अशी रचना आहे. ‘बेळगावात’, ‘बेळगावहून’, ‘बेळगावकरांना’ हे सगळे वेगवेगळे शब्द म्हणून साठवावे लागत नाहीत.

त्याच्याही आधी एक तपासणी करावी लागते, आणि ती कोशाची नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच चिन्हानं लिहिता येतं, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननंही ते एक होत नाहीत. ‘सांबऱ्याला’मधला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे टाइप होतो: एक खास ‘ऱ’ वापरून, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. एका कीबोर्डवरून भरलेलं नाव दुसऱ्यावरून शोधलं की सापडत नाही, आणि नुसतं बघून कारणही कळत नाही. भाषेच्या फाइलींवर चालणारी एक छोटी पायथन स्क्रिप्ट यासाठी पुरते. दोन्ही अक्षरांचं कुठलं रूप ठेवायचं ते एकदा ठरवायचं, दुसरं दिसलं की ओळीचा क्रमांक छापायचा आणि शून्याखेरीज आकडा परत करायचा. प्री-कमिटच्या त्याच यामल फाइलीत ती ‘लोकल’ हुक म्हणून जोडता येते, आणि शोधाच्या चौकटीत ग्राहकानं टाइप केलेला मजकूरही डेटाबेसकडे पाठवण्याआधी त्याच नियमानं बदलून घ्यायचा.